मेढा आणि मेंढा

लास व्हेगासात १९९३ पासून भरणाऱ्या ‘डेफकॉन’ या हॅकरांच्या जत्रेत एक भिंत असते. तिथल्या उघड्या वायफायवर कुणी बेसावधपणे लॉगिन केलं की त्याचं नाव आणि अर्धामुर्धा पासवर्ड तिच्यावर झळकतो. तिला म्हणतात मेंढरांची भिंत. म्हणजे जावळीतल्या आमच्या मेढा गावात आणि तिच्यावरच्या मेंढ्यात एका अनुस्वाराचंच अंतर.

म्हणून गोव्याच्या ‘नलकॉन’ या तशाच जत्रेला पहिल्यांदा निघालो तेव्हा फोन बंद करून खिशात, वर रुमालाची गाठ. तिथे वक्ता म्हणाला, “सगळ्यात कच्चा दुवा माणूस.” एवढ्यासाठी घाट उतरलो? आमच्याकडे चष्मा घरी राहिलेले आबा बँकेच्या रांगेत ओटीपी मोठ्यानं वाचतात आणि मागचे चौघे आकडा दुरुस्त करून देतात.

फायरवॉल म्हणाल तर जावळीचं जंगल. तिथले सरदार मोरे, त्यांचा या जंगलावर भारी भरवसा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी ते भेदलं. तेव्हापासून आम्ही काही लपवायच्या भानगडीत पडत नाही.

परतल्यावर भाच्यानं विचारलं, “मामा, काय शिकून आलात?”

“पासवर्ड बदल.”

लगेच बदलला त्यानं. विसरू नये म्हणून राउटरच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवला.