आधी प्रायश्चित्त, मग प्रयाण

समुद्र ओलांडून परत आलेल्याने प्रायश्चित्त घ्यायचे, अशी आपल्याकडे एके काळी रीत होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या डॉक्टर व्हायला. समाजाने त्यांना नाही नाही ते ऐकवले, पण ‘पासपोर्ट दाखवा’ असे काही कोणी म्हटले नाही. हिंदुस्थानचा पासपोर्ट कायदा आला तो १९२० साली. तेव्हापासून प्रायश्चित्ताचे खाते शास्त्रीबुवांकडून सरकारकडे वर्ग झाले. सुधारणा एवढीच, की ते आता निघण्यापूर्वीच उरकून घेतात.

चिरंजीव परदेशी शिकणार हे आपल्या घरात साधारण आठवीत ठरते. मग क्लास लागतात, फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढले जाते आणि भाजणी किती किलो न्यायची यावरून दोन आज्यांत अबोला होतो. पासपोर्टचे विचाराल तर, ‘‘आहे की! दुबईला गेलो होतो तेव्हाच काढलाय.’’ तो लॉकरमधून निघतो. आतल्या फोटोत पुढचे दात पडलेला एक गोंडस मुलगा असतो. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे चालतो, हे त्यावरच तारखेसकट छापलेले असते. पण आपल्याकडे वाचन हे मुलांनी करायचे असते. इंग्रजी येते हे सिद्ध करणाऱ्या आयईएलटीएसलासुद्धा चालू पासपोर्ट लागतो, हे कळते तेव्हा वडील प्रथमच खुर्चीत बसतात.

छत्तीस पानी पुस्तिकेची फी दीड हजार, तत्काळचे दोन हजार वर. ‘‘तत्काळ कशाला? अजून दोन महिने आहेत,’’ असे वडील ठणकावतात. वीस लाखांच्या कर्जावर निमूट सही करणारा माणूस दोन हजारांशी मात्र तत्त्वाने लढतो.

वाईट एवढेच वाटते, की सेवा केंद्रातला कारभार आता बराच सुधारला आहे. टोकन मिळते, ए-बी-सी काउंटर पुढे सरकत राहतात, एसी चालू असतो. सरकारला नावे ठेवण्याची पिढीजात सोय गेली. घोडे अडते ते नावांपाशी, आणि नावे आपणच ठेवलेली असतात.

मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडील ‘सुरेशराव’ आहेत, आधारवर नुसते ‘सुरेश’. शाळेत नाव घालताना आजोबांनी कौतुकाने ‘राव’ लावला होता. आता काउंटरवरच्या मुलीला हे दोन वेगळे इसम वाटतात आणि तिचे चुकते असे म्हणता येत नाही. मातोश्रींचे तर विचारूच नका. त्या माहेरी शोभा, सासरी मृणाल. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, पेढे वाटले, सगळ्यांनी हौसेने टाळ्या वाजवल्या. त्या तांदळांची झेरॉक्स मात्र कोणी काढून ठेवली नाही. मुलाच्या कागदांवर आई मृणाल, तिच्या स्वतःच्या पदवीवर आणि पॅनकार्डावर शोभा. शेवटी शोभा हीच मृणाल आणि सुरेश हेच सुरेशराव, अशी प्रतिज्ञापत्रे नोटरीपुढे होतात. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लावायचे आपल्या राज्य सरकारने ठरवले आहे. योग्यच आहे. पण ही पिढी परदेशी निघेल त्या वर्षी काउंटरवर कोण बसणार, त्याची आताच दया येते.)

मग पोलीस व्हेरिफिकेशन. मुलगा राहतो तिथेच राहतो का, हे बघायला हवालदार येतात त्या दिवशी तो पुण्याला पीजीमध्ये असतो. शिवाय ओळख पटवायला शेजारी हवेत. ज्या जोशीकाकांशी पार्किंगवरून सोसायटीच्या तीन सभा गाजल्या, त्यांच्या दारात बर्फीचा बॉक्स घेऊन उभे राहावे लागते. ‘‘ओळखता का याला?’’ ‘‘न ओळखून सांगतो कोणाला! याच्या क्रिकेटने आमच्या दोन काचा गेल्यात.’’ हवालदारांनी ‘वर्तणूक चांगली’ असे लिहून घेतले. चहाविषयी मी काही लिहीत नाही. आल्यागेल्याला चहा विचारणे ही आपली संस्कृती आहे; तो कपातून दिला की पाकिटातून, हा ज्याच्या त्याच्या घरच्या भांड्यांचा प्रश्न.

पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका छापतात आपल्याच नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात. म्हणजे जगाचे दार उघडणारी किल्ली पाडतात नाशकात, आणि नाशिकच्याच मुलाला ती पोस्टाने येण्याची वाट बघत जिन्यात बसावे लागते. स्पीडपोस्टवाला आला तेव्हा नेमका चिरंजीव अंघोळीला गेलेला. टॉवेल गुंडाळून त्याने सही केली.

नव्या पासपोर्टात आडनाव एका रकान्यात आणि उरलेले सगळे दुसऱ्यात. तिकडच्या विद्यापीठाने तो दुसरा रकाना जसाच्या तसा उचलला, आणि त्यांची पहिली मेल आली ती ‘डिअर अमेय सुरेशराव’ अशी. वडिलांनी तिची रंगीत प्रिंट काढली. ‘‘बघ,’’ ते जोशीकाकांना म्हणाले, ‘‘तिकडे न सांगता राव लावतात.’’