मिलिअँपिअरचे मामलेदार

पुण्यातील कोणत्याही सुस्थापित गृहरचना संस्थेत अध्यक्ष असतो, चिटणीस असतो, खजिनदार असतो, आणि वार्षिक सभेत या तिघांचे राजीनामे मागणारा एक सभासदही असतो. परंतु ज्यांची नेमणूक कोणत्याही ठरावाने झालेली नाही, ज्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, आणि तरीही तळमजल्यावरील वाहनतळात ज्यांच्या अधिकाराला आव्हान देण्याची कोणाची प्राज्ञा नाही, असे एक वयस्क गृहस्थ त्याच इमारतीत राहत असतात आणि कोणाच्या तरी मोटारीची बॅटरी उतरण्याची शांतपणे वाट पाहत असतात. मंडळी त्यांना काका म्हणतात. त्यांची हयात हिशेबतपासणीच्या सरकारी खात्यात गेलेली असते. लाखांच्या अफरातफरीची प्रकरणे तेथे वरिष्ठांनी परस्पर मिटवली आणि टपालाच्या तिकिटांचा हिशेब तेवढा यांच्या वाट्याला आला. त्यामुळे मोठ्या चोरीविषयी उदासीन आणि बारीक गळतीविषयी अत्यंत कठोर, अशी त्यांची वृत्ती बनून गेलेली असते.

प्रसंग बहुधा सोमवारी सकाळी उद्भवतो. शुक्रवारी सायंकाळी बिनतक्रार घरी आलेली मोटार, मधले दोन दिवस जागची हलली नसताना, ऐन कचेरीच्या वेळी किल्ली फिरवताच नुसती कट् कट् करते. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह लागतो आणि बॅटरीत तेवढे त्राण उरलेले नसते. कोणी धक्का मारण्याची सूचना करतो, कोणी जंपर केबल शोधायला धावतो, आणि नाक्यावरचा दुकानदार तर बोनेट उघडण्यापूर्वीच ‘बॅटरी गेली साहेब, नवी टाका’ असा निकाल देऊन मोकळा होतो. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारता मारता मनगट मोडून घेण्याच्या आपत्तीतून मनुष्यजातीची सुटका झाली खरी. परंतु अँबॅसडरला हँडल मारून कचेरी गाठलेल्या पिढीतले काका या सुटकेकडे संशयानेच पाहतात, कारण मोटारीचे सारे इमान तेव्हापासून बॅटरीच्या स्वाधीन झाले. ते गॅलरीतून हा प्रकार पाहतात, चहा संपवतात, खाली येतात आणि मालकाला एवढाच प्रश्न विचारतात, “नवी टाकलीत, आणि तीही बसली म्हणजे?”

उभ्या मोटारीचाही खर्च चालू असतो, हा त्यांचा मूलभूत सिद्धांत. घड्याळ, रेडिओची स्मृती, रिमोटची हाक ऐकण्यासाठी अष्टौप्रहर कान टवकारून बसलेले कुलूप, ही बारमाही आस्थापना. तिला सगळे मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा, असा मोटारशास्त्राचा सर्वसाधारण प्रघात आहे. या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्ची पडतात आणि ३५ अँपिअर-तासांची लहान बॅटरी दोन आठवडे तरी सहज तग धरते. परंतु ५ वॉटचा एखादा दिवा कोठेतरी लपून जळत राहिला, की १२ व्होल्टच्या दाबाने ४०० मिलिअँपिअरच्या वर रक्कम बिनपावतीची जाऊ लागते. दिवसाकाठी १० अँपिअर-तास गेले, की शुक्रवारची मोटार सोमवारी का उठत नाही हे साध्या त्रैराशिकाने सिद्ध होते. २०२० सालच्या टाळेबंदीत निर्दोष मोटारींच्याही बॅटऱ्या उतरल्या, त्याबद्दल मात्र काकांनी कोणावरही ठपका ठेवला नाही. ती दुष्काळाची बाब होती, अफरातफरीची नव्हे, असे त्यांचे मत.

चौकशीची तारीख रविवार. बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेली असते, मीटर १२.६ दाखवतो. दहा नंबरच्या पान्याने ऋण टोकाची केबल सुटते आणि तिच्या व बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर असा जोडला जातो, की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कणाला त्याच्याच चौकीतून जावे लागावे. आत फ्यूजपर्यंत हात पोहोचण्यासाठी दार उघडे हवे, आणि दार उघडे असले तर मोटार झोपणार नाही. म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने दाराची खिट्टी पाडून, ते सताड उघडे असतानाच मिटलेले असल्याची मोटारीची समजूत करून दिली जाते. असत्याचा आधार काका आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी घेतात.

यानंतर प्रतीक्षा. हल्लीच्या मोटारीत ठिकठिकाणी संगणक बसवलेले असतात आणि दार लागताच ते झोपत नाहीत. वीस मिनिटे, अर्धा तास, क्वचित त्याहूनही अधिक वेळ आपापसांत कुजबुजून मग एकेक जण निजतो, आणि मीटरवरचा आकडा पायरीपायरीने उतरतो. हा सर्व वेळ वाहनतळात संचारबंदी असते. किल्ली वरच्या मजल्यावर ठेवण्याचा हुकूम सुटलेला असतो, क्रिकेट खेळणारी मुले मागील अंगणात हद्दपार झालेली असतात, आणि मालक आपल्याच मोटारीपासून चार हात दूर, तारखेला हजर राहिलेल्या पक्षकाराच्या चेहऱ्याने उभा असतो. आकडा शेवटच्या पायरीवर येतो न येतो तोच मालकाची पत्नी ‘जेवायला येणार आहात की नाही’ हे विचारण्यासाठी खाली येते आणि येताना, सवयीने, हातातल्या किल्लीचे बटण दाबते. दिवे लुकलुकतात, कुलपे खाडकन वाजतात, सगळे संगणक एकदम जागे होतात. काका रागावत नाहीत. ते मनगटावरच्या घड्याळात पाहतात आणि वहीत टिपतात: ‘१०.४० — साक्षीदार पुनश्च जागृत.’

मग दुपारी फ्यूजांची उलटतपासणी सुरू होते. एकेक फ्यूज चिमट्याने उपटायचा, आकडा पडतो का पाहायचे, न पडल्यास त्याला सन्मानाने जागेवर बसवायचे. जुने संशयित ठरलेले आहेत. पहिला भाच्याने बसवून दिलेला म्युझिक सिस्टिम, ज्याची सदैव जागी राहणारी पिवळी तार आणि किल्लीबरोबर झोपायला हवी ती तांबडी तार अशा दोन्ही एकाच गाठीत पिळलेल्या असतात, दुसरा डॅशकॅम. अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड हा मात्र काकांच्या मते खानदानी गुन्हेगार, कारण तो थेट मुख्य केबलवर बसलेला असल्यामुळे आतल्या पेटीतले सगळे फ्यूज उपटले तरी सापडत नाही. वरच्या मजल्यावरील एका तरुण इंजिनिअरने एकदा सुचवले, की फ्यूज न उपटता त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले तर काम होते आणि मोटारीची झोपही मोडत नाही. ही पद्धत बिनचूक आहे. काकांनी ती मान्य केली आणि नाकारली; तिजोरी न उघडता केलेली तपासणी त्यांना तपासणी वाटत नाही.

दर शुक्रवारी ऋण टोक सैल करून ठेवावे किंवा सरळ कटऑफ स्विच बसवून घ्यावा, हा सोपा उपाय कोणालाही सुचेल, आणि माझ्या मते निम्म्या मालकांनी तोच करावा. त्यावर “हा निकाल नव्हे, तहकुबी आहे,” एवढेच काका म्हणतात. त्यांच्या हट्टामुळे कित्येकांचा रविवार बुडाला हे खरे. परंतु धडधाकट बॅटऱ्या मोडीत घालून नव्या खपवण्याचा नाक्यावरचा व्यवहार त्यांच्याचमुळे मंदावला, हेही तितकेच खरे.

या खेपेला आकडा पडला तो डिकीच्या दिव्याच्या फ्यूजला. पण डिकी बंद केल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे पाहणार कोण? काकांनी दुसरीतल्या एका मुलाला आत बसवून त्याची जबानी घेण्याचा प्रस्ताव मांडला. मुलगा तयार होता. त्याच्या आईने प्रस्ताव फेटाळल्यामुळे चित्रीकरण चालू केलेला मोबाइल आत ठेवून डिकी लावली, आणि तीन मिनिटांच्या त्या चित्रपटात दिवा अथपासून इतिपर्यंत जळत असल्याचे सर्वांनी पाहिले. झाकणाचे रबर झिजून स्विच दाबला जात नव्हता. रबर बदलले, आकडा २८ वर आला, मालकाने हात जोडले.

काकांचे समाधान झाले नव्हते. हे २८ कोण, असा त्यांचा प्रश्न होता. मोटारीतले घड्याळ पाच मिनिटे मागे असल्याचे त्यांनी सकाळीच हेरून ठेवले होते, आणि काम चुकवणाऱ्याला बारमाही वेतन त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यांनी चिमटा पुन्हा उचलला. त्याच फ्यूजवर रेडिओची स्मृती आणि छताचा दिवा यांचाही निर्वाह चालतो, हे मालकाने अजिजीने निदर्शनास आणले, तेव्हा कोठे काकांनी चिमटा खिशात घातला आणि वहीत शेवटचा शेरा लिहिला: ‘सहा महिन्यांपुरते मंजूर. घड्याळास समज द्यावी.’