आपलेकर

दक्षिण सहलीच्या प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हर, क्लीनर, भडंगाचे डबे आणि एक आपलेकर असतातच. आडनाव कागदोपत्री काही का असेना. माणूस बहुधा सेवानिवृत्त, जागा पुढून दुसरी, खिडकीची. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. जुनी वास्तू दिसली की इतरांना आधी तिची उंची दिसते, आपलेकरांना मालकी दिसते. "हे आपलं," ते म्हणतात. नाहीतर, "हे मूळचं आपलंच." दुसऱ्या वाक्याला पुरावा कमी लागतो, म्हणून ते जास्त वेळा येतं. विजापूरला गोलघुमटात ते "शहाजीराजे!" असं ओरडतात आणि घुमट तेच पुन्हा पुन्हा म्हणू लागला की शेजारच्याकडे 'बघा' अशा नजरेनं पाहतात.

एरवी हा छंद निरुपद्रवी. पण आपलेकर ऐन बहरात पाहायचे असतील तर त्यांना तंजावरला न्यावं. तिथं ते अर्धे बरोबर असतात, आणि अर्धा बरोबर असलेला माणूस आवरायला फार अवघड.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी १६७५-७६च्या सुमाराला तंजावर घेतलं आणि ते गाव १८५५ सालापर्यंत भोसल्यांच्या घरात राहिलं. एवढं आपलेकरांना तोंडपाठ असतं. त्याआधीचे चोळ, पांड्य, विजयनगरवाले आणि तेलुगू नायक यांना त्यांच्या वहीत एकच मथळा आहे: 'पूर्वतयारी'.

दिवसाची सुरुवात इडलीपासून होते. सांबाराची वाटी समोर आली की आपलेकर चमचा वर धरून संभाजीराजांच्या स्वागताची गोष्ट सांगतात: आमसुलं संपली, आचाऱ्यानं चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून सांबार झालं. ही दंतकथा आहे. पण ती त्यांनी इतक्या ठिकाणी सांगितली आहे की आता त्यांना आचाऱ्याचा चेहराही आठवतो. वाढप्यालाही ती सांगून होते. तो तमिळमध्ये मान हलवतो आणि आणखी सांबार वाढतो.

मग बृहदीश्वर. राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं, दोनशे फुटांच्या वर गेलेलं हे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, पाहून भले भले गप्प होतात. आपलेकर मात्र बराच वेळ देवळापर्यंत पोचतच नाहीत. कारण सगळ्यांत बाहेरचा दरवाजा मराठ्यांच्या काळातला. तिथंच त्यांचे फोटो चालू होतात. आत गेल्यावर गाईड सांगतो की या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. सांगताना तो आणि आम्ही सगळे ऊन टाळायला त्या सावलीतच उभे असतो. आपलेकर ही गोष्ट वहीत उतरवतात. चोळांबद्दलचं ते काहीही तपासत नाहीत.

नंदी नायकांच्या काळातला. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत नायकांनी रंगवलेली चित्रं होती आणि १९३१ साली कळलं की त्यांच्याखाली चोळांची चित्रं दबलेली आहेत. विमानाच्या उत्तर अंगाला वर चक्क एक टोपीवाला युरोपियन बसलेला आहे. त्याच्याबद्दल गाईडमंडळी नाना कथा सांगतात. आपलेकरांनी दुर्बीण लावली, खूप वेळ पाहिलं आणि काही न बोलता ती म्यानात घातली.

पण मग येतो शिलालेख. प्रांगणाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. हा सगळा मजकूर तमिळ देशात, चोळांच्या भिंतीवर. इथं आपलेकरांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी येतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. माझ्याही आलं होतं. मात्र ते मोठ्यानं वाचू लागतात. ओळी संपत नाहीत, आपलेकरवहिनी चप्पल सांभाळायच्या जागेपाशी जाऊन बसतात.

तिथंच त्यांना एक म्हातारे गृहस्थ भेटले. वेष्टी, कपाळाला गंध, आणि तोंडात मराठी. शब्द जुने, हेल तमिळ. तंजावरात अशी घरं अजून आहेत, घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी. आपल्या माणसाला आपला माणूस भेटला, आता गळाभेट होणार असं आम्हाला वाटलं. आपलेकरांनी पहिल्याच वाक्याला त्यांचं व्याकरण सुधारलं. दुसऱ्यालाही.

आजोबा हसले. "आम्ही साडेतीनशे वर्षं इथंच," ते म्हणाले. "तुम्ही कधी आलात?"

"काल रात्रीच्या बसनं," वहिनींनी परस्पर सांगून टाकलं.

राजवाड्यात घोटाळा आणखी वाढतो. वाडा नायकांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी वाढवला. सरस्वती महाल ग्रंथालय म्हणजे सरफोजीराजांचा जीव. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, मोडी कागद आणि युरोपातून मागवलेली पुस्तकं. हा राजा नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवायचा आणि जगाचा भूगोल मराठी नाटकात घालायचा. 'देवेंद्र कुरवंजी' हे ते नाटक. आपलेकरांची छाती फुगत होती. संग्रहालयात प्राण्यांच्या तोंडवळ्याच्या माणसांची फ्रेंच चित्रं आहेत. त्यांतल्या एकासमोर वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग यजमानांकडे पाहून पुढं गेल्या. प्राणी कोणता, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

"राजांना हे सगळं शिकवलं कुणी?" मागच्या सीटवरच्या एका शाळकरी मुलानं विचारलं. अशी मुलं सहलीवर आणू नयेत. शिकवलं श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानं, जो आला होता डेन्मार्कवाल्यांच्या तरंगमबाडीच्या मिशनमधून. तो मरणशय्येवर आहे आणि सरफोजीराजे त्याचा हात धरून उभे आहेत, असं संगमरवरी शिल्प राजांनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. ते शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आहे. आपलेकर चर्चच्या दारात थांबले. "गुरुभक्ती," ते शेवटी म्हणाले. "ही आपलीच." सुटकेचा असा देखणा मार्ग मी क्वचितच पाहिला आहे.

मनोऱ्यापुढं मात्र त्यांचा इलाज चालला नाही. पट्टुकोट्टईच्या पुढं समुद्रकाठी सरफोजीराजांनी १८१४-१५च्या सुमाराला आठ मजली, षट्कोनी मनोरा बांधला. कशासाठी, तर इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला त्याच्या आनंदासाठी. १७९९च्या तहानं राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता, राजांच्या हाती किल्ला आणि वाडा उरला होता; मित्राचं कौतुक करणं भागही असेल. आपलेकरांनी तिथं उकाड्याबद्दल तक्रार केली आणि नारळपाणी मागवलं.

गंमत अशी की या गावावर 'आपलं' म्हणून हक्क सांगावा अशी खरी जागा त्यांच्या वहीत नव्हतीच. मराठी कीर्तनकार तंजावरला गेले आणि तिथल्या हरिकथेनं त्यांची साकी, दिंडी, ओवी उचलली. आजही तमिळ भागवतर ती म्हणतात. उलट तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांनी नाटकं लिहिली ती मराठीत आणि तेलुगूतही. त्यागराज जवळच्या तिरुवैयारूला तेलुगूत गात होते, भोवती तमिळ, गादीवर मराठी. त्या राजांना 'हे मूळचं कोणाचं' हा प्रश्न पडल्याचं दिसत नाही. आवडलं की ते घ्यायचे. आपलेकरांची खरी पंचाईत ही आहे की त्यांचे लाडके राजे अजिबात आपलेकर नव्हते.

हे मी बसमध्ये त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "घेण्याची वृत्ती," ते म्हणाले, आणि वही उघडली.

बाजारात वहिनींनी मान डोलावणारी तंजावरची बाहुली घेतली. आपलेकरांनी भाव जास्त असल्याचं सांगितलं. "असू दे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बोलत असताना घरात कुणीतरी मान हलवायला हवं. मी थकले."

पुढच्या सहलीला आपलेकर जिंजीला निघाले आहेत. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी तो एकटाच महाराष्ट्राबाहेरचा, त्यामुळे वहिनी आतापासूनच धास्तावल्या आहेत. तिथं नायक होते, आदिलशाही होती, १६७७ला महाराज आले, राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षं वेढा सोसला, मग मुघल, फ्रेंच, इंग्रज. बसमध्ये अजून जागा आहेत. पुढून दुसरी, खिडकीची मात्र मागू नका.