भाऊजींचा आश्रम

कढीपत्ता खालचा तोडा वहिनी, वरचा कोवळा आहे. आणि जरा थांबा, बातमी आहे. आमचे धाकटे भाऊजी आश्रम काढतायत! निराधारांसाठी. रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांच्या कानावरही घालून आले. नाव ठरलंय, पाटीचा रंग ठरलाय. जागेचं विचारलं, तर म्हणे प्रभू देईल.

हसू नका हो, मन सोन्यासारखं आहे त्यांचं. एसटी स्टँडवर कोणी म्हातारी कुडकुडताना दिसली की अंगावरची शाल देऊन येतात. मग जाऊबाई माझ्यापुढे शालींचा हिशेब मांडत बसते.

त्यांचं आपलं ऊठसूट पंडिता रमाबाई आणि केडगाव! आपलं नगरचं नव्हे, दौंडकडचं. पण अर्धंच ऐकलंय. 1889 ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते हवेत नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचा शब्द दिला होता. आणि बाई किती पुढचं बघणारी! दहा वर्षं सरल्यावर कोणापुढे हात पसरायचा, म्हणून आधीच केडगावला जमीन घेतली. फळबाग लावू, उत्पन्न येईल. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ. या थेट मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-पोरी घेऊन आल्या. सदन एव्हाना पुण्यात आलेलं, तिथे प्लेगची धास्ती, शहरात ठेवायला सरकारची ना. मग कुठे ठेवल्या? त्याच जमिनीवर. तेच मुक्ती मिशन.

आणि नुसतं जेवू घालून बसवलं नाही कोणाला. तेलघाणा, विणकाम, गाईगुरं, छापखाना. ज्यांना अक्षर ठाऊक नव्हतं त्या बायका खिळे जुळवायला लागल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, तेही तिथेच छापलं. घरादारानं टाकलेल्यांसाठी कृपा सदन वेगळं. प्रार्थना होतीच हो, पण प्रार्थनेनंतर प्रत्येकीच्या हाताला काम होतं. हे भाऊजी सांगत नाहीत.

मी म्हटलं, भाऊजी, पहाटे चूल कोण पेटवणार? एखाद्या आजोबांनी अंथरूण ओलं केलं, तर ती गोधडी कोण धुणार? त्यांनी हळूच जाऊबाईकडे बघितलं. तिनं लाटणं असं आपटलं की पोळीचा नकाशा झाला!

वर म्हणतात, अनाथ मुलंही ठेवू. म्हटलं, आता तसं चालत नाही. नोंदणी लागते, मूल बालकल्याण समितीच्या हुकमानं येतं. दारात सापडलं आणि ठेवून घेतलं, असं केलंत तर आश्रमाऐवजी चौकीत बसाल. मग जरा नरमले. मीच म्हटलं, आधी आपली मागची खोली रिकामी करा, एका आजींना ठेवा, वर्षभर सांभाळून दाखवा. आढेवेढे घेत कबूल झाले. खोलीत त्यांचीच तीस वर्षांची रद्दी आहे, ती आज उपसतायत. ऐकू येतंय ना खोकणं?

पण खजिनदार म्हणून माझं नाव लिहून मोकळे झालेत! मीही मग सोडते होय? स्वयंपाकघराला तुमचं नाव सुचवलंय. अहो वहिनी, पळताय कुठे?