स्टार-येस महाशयांस

श्री. डीएफटी-ॲक्ट-ग्रुप स्टार-येस यांस,
मुक्काम सीआरटी-बीएनडी-आरपीजी कमांड, लायब्ररी क्यूसिस.



१९९४ साली आयबीएमने एएस/४०० वर आरपीजी फोर आणलं, तेव्हापासून आपण, ‘प्रोग्रॅम डिफॉल्ट ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्येच चालवा’ हे न विचारता मिळणारं उत्तर, आरपीजी कंपायल करणाऱ्या या कमांडीत ठाण मांडून आहात. तेव्हा आपलं येणं रास्तच होतं. जुने ओपीएम प्रोग्रॅम नव्या कंपायलरखाली घालताना ओव्हरराइड आणि फाइली पूर्वीसारख्याच वागाव्यात, एवढंच काम होतं. चार दिवसांचे पाहुणे म्हणून आलात. आता सातबाऱ्यावर नाव लागलंय.

आपले उपकार किती सांगू? नवीन लागलेली मुलगी व्याजाचा हिशेब वेगळा काढून सब-प्रोसिजर लिहिते. त्याच सोर्समध्ये, जेमतेम पाच-सात ओळींची. एंटर मारते आणि कंपायल आपटतं, कारण आपल्या राज्यात बाउंड कॉलला बंदी, मग प्रोसिजर घरचीच का असेना. वरिष्ठ स्क्रीनवरून नजर न काढता सांगतात, “अगं, कशाला ती झंझट? सबरुटीन कर, बेगएसआर टाक, एंडएसआर टाक, चालतंय की.” चालतंच. सगळे व्हेरिएबल ग्लोबल, आणि तोच हिशेब आणखी दहा प्रोग्रॅममध्ये कॉपी-पेस्ट. मॉड्यूल, सर्व्हिस प्रोग्रॅम, बाइंडिंग डिरेक्टरी, ज्यांच्यासाठी ओपीएमच्या जागी आयएलईचा एवढा घाट घातला, ते सगळं मॅन्युअलात सुखरूप आहे. आपण त्याला कुणाचा हात लागू दिला नाहीत.

एखाद्याने धीर करून आपल्याला स्टार-नो केलंच, तर गाठ आपल्या धाकट्या बंधूंशी, क्यूआयएलई नावाच्या ग्रुपशी. ग्रुपचं नाव दिलं नाही की प्रोग्रॅम गुमान क्यूआयएलईत जातात. तिथल्याच एका सीएलमध्ये फाइल मागच्या महिन्याच्या मेंबरवर वळवायला ओव्हीआरडीबीएफ केलेलं असतं. सीएल संपतं, ओव्हरराइड मात्र ग्रुपला चिकटून राहतं, आणि त्याच जॉबमधला पुढचा रिपोर्ट गेल्या महिन्याचे आकडे छापतो. ना एरर, ना मेसेज. मग मंडळी म्हणतात, “बघा, स्टार-येसच बरा होता!” बंधुराज आपली जाहिरात फुकटात करतात.

२०१३ मध्ये फ्री-फॉर्मची सोय वाढली, तेव्हापासून प्रोग्रॅमच्या सीटीएल-ऑप्ट ओळीत ॲक्टग्रुप किंवा बाइंडिंग डिरेक्टरी लिहिली की आपण आपणहून बाजूला होता. केवढं ते मोठं मन! म्हणजे आपण वाटेत बसला आहात, हे मालक आयबीएमला कळतं. फक्त कायमचं उठवायची छाती नाही. कुणाचा तरी जुनापुराणा प्रोग्रॅम बिघडला तर? तोही पुन्हा कंपायल केला तरच, बरं का.

आम्ही सीएचजी-सीएमडी-डीएफटी चालवून आपल्याला स्टार-नो केलंय आणि ग्रुपला स्वतःचं नाव दिलंय. मनाला लावून घेऊ नका. पुढचं रिलीज चढलं की कमांडी नव्याने बसतील आणि आपण पुन्हा गादीवर असाल, काही न केल्यासारखे.

कळावे,
रात्रीच्या बॅचला बसलेला आपला एक आरपीजीवाला