अप-डाऊन सर

पुण्याच्या नवी पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांची जिथे सगळ्यात जास्त दाटी आहे, तिथल्या कुठल्याही इमारतीत शिरा. खाली झेरॉक्स, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका, दुसऱ्यावर मेस, आणि लिफ्ट नसल्यामुळे धापा टाकत तिसऱ्यावर पोचलात की अप-डाऊन सर. सर काही लोणावळ्याहून रोज लोकलने अप-डाऊन करत नाहीत, राहतात कोपऱ्यावरच. पण अप, डाऊन, इन, आऊट, ऑन, ऑफ या चिमुकल्या प्राण्यांशी त्यांची जन्माची झुंज चालू आहे, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. खरं नाव आता फक्त लाइट बिलावर उरलंय. असे सर लातुरात आहेत, नागपुरात आहेत, आणि तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही हमखास असतात.

सर मूळचे गणिताचे. त्यामुळे त्यांचा बरोबरच्या चिन्हावर नको इतका विश्वास. फळ्यावर क्रियापद पांढऱ्या खडूने, त्याचं शेपूट लाल खडूने, मग बरोबरचं चिन्ह आणि पुढे भारदस्त समानार्थी शब्द. पुट ऑफ बरोबर पोस्टपोन. पुट आऊट बरोबर एक्स्टिंग्विश. पुट अप विथ बरोबर टॉलरेट. परीक्षेत चार पर्याय देऊन समानार्थी शब्द विचारतात, तेव्हा सरांचंही अगदीच चुकतं असं नाही. चुकतं ते परीक्षेच्या बाहेर.

जिल्हा परिषदेतल्या एका कारकुनाचा मुलगा वर्गात होता. सरांनी विचारलं, ‘पुट अप म्हणजे?’ तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, ‘फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवणे.’ सरांच्या वहीत हा अर्थ नव्हता. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कचेरीत मात्र रोज फाइल पुट-अप होते, साहेब ती परत पाठवतात, ती पुन्हा पुट-अप होते, आणि तिच्या मागे फिरणारा नागरिक पुट अप विथ करत राहतो. एका क्रियापदाने खातं आणि जनता दोघांनाही सांभाळून घ्यावं, हे इंग्रजांना त्यांच्या देशात जमलेलं दिसत नाही.

‘पास आऊट’वर सरांचा विशेष राग. ‘मी अमुक साली पास आऊट झालो’ असं कुणी म्हणालं की ते शांतपणे विचारतात, ‘शुद्धीवर कधी आलात?’ इंग्लंडात पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं, हा त्यांचा हुकमी एक्का. एकदा एनडीएची तयारी करणारा एक मुलगा उभा राहिला. ‘सर, खडकवासल्याला दर सहा महिन्यांनी पासिंग आऊट परेड होते. तिथे तर सगळे ताठ उभे असतात.’ सर म्हणाले, ‘मिलिटरीची शिस्तच वेगळी,’ आणि फळा पुसायला लागले.

खरी दाणादाण उडवली ती ‘गो ऑफ’ने. दिवा गो ऑफ झाला म्हणजे विझला. दूध गो ऑफ झालं म्हणजे नासलं. इथवर ऑफ म्हणजे कारभार आटोपला, असा सरांचा सिद्धान्त तयार झाला होता. तेवढ्यात अलार्म आडवा आला. तो गो ऑफ झाला म्हणजे बोंबलायला लागला! तेव्हापासून पोरं उशिरा आली की ‘अलार्म गो ऑफ झाला’ एवढंच सांगतात. अलार्म वाजला की वाजलाच नाही, हे विचारायची सरांची हिंमत होत नाही.

अशा प्रसंगी सरांना आधार वाटतो तो डॉ. सॅम्युएल जॉन्सनचा. १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत जॉन्सनने लिहून ठेवलंय की, क्रियापदाला असे शब्द जोडून अर्थ बदलण्याची जी आपली रीत आहे, तीच परक्यांना सगळ्यात जड जाते. त्या पानाची सरांनी खालूनच झेरॉक्स काढून आणली आणि भिंतीवर डकवली. एखाद्या डॉक्टरने डिग्री लावावी, तितक्या अभिमानाने.

सरांचा दोष तरी काय म्हणा! १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच बसली आणि इंग्रजी शेतात, चुलीपाशी राहिली. त्यामुळे फ्रेंचमधून आणि लॅटिनमधून आलेले शब्द आजही सुटाबुटात वावरतात, तर पुट, गेट, टेक ही घरची मंडळी बनियनवर. इंग्रजाचं पोर आधी बनियनवाल्यांच्या अंगाखांद्यावर खेळतं, सूटवाले त्याला शाळेत भेटतात. आपली ओळख झाली ती थेट सूटवाल्यांशी. अर्ज, रजा, नोटीस, तहकुबी, सगळं कागदावर. म्हणून बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना ‘इन्व्हेस्टिगेट’ बिनचूक येतं आणि हिंजवडीतला पुतण्या ‘लुक इन्टू करतो’ म्हणाला की ते खिडकीतून आत डोकावतात.

घरी सरांचा सराव अखंड चालू असतो. ‘अगं, पंखा टर्न ऑफ करू की स्विच ऑफ?’ ‘अहो, बंद करा,’ आतून उत्तर येतं. सर डायरीत नोंद करतात.

मध्यंतरी त्याच इमारतीत एक फ्रेंच मुलगी राहायला आली. मराठी शिकत होती. तिचं आणि सरांचं छान जमलं, कारण टॉलरेट, पोस्टपोन असले शब्द तिलाही जवळचे आणि पुट, गेटच्या भानगडी तिलाही नकोशा. एका संध्याकाळी ती वही घेऊन वर्गातच आली. म्हणाली, ‘सर, मेसच्या काकू रोज “जेवून घ्या” म्हणतात. जेवल्यावर घ्यायचं काय?’

सर हसले. पण तिची यादी मोठी होती. ‘काकूंनी मालकाला सांगून टाकलं. कुठे टाकलं? त्यांचा मुलगा मालकाला काहीतरी बोलून बसला. कशावर बसला? मालकाने मग बोलून दाखवलं. बोललेलं दिसतं कसं? आणि काकूंनी चपात्या करून ठेवल्या, तिथे मात्र त्या खरंच ठेवलेल्या होत्या.’

‘अहो, यात शिकण्यासारखं काय आहे?’ सर म्हणाले. ‘चार महिने काकूंच्या हाताखाली राहा. कानावर पडत गेलं की येतंच.’

तिने तरीही तक्ता मागितला. एका बाजूला क्रियापद, दुसऱ्या बाजूला समानार्थी शब्द.

‘असल्या गोष्टींचा तक्ता नसतो हो,’ सर म्हणाले आणि मागच्या बाकावरच्या पोराला ‘टेक’चा तक्ता पाठ झाला का, असं विचारून बसले. त्याचा झाला नव्हता.