अंथरुणातली धावाधाव

पित्त उसळलं की घरी माझी रवानगी पलंगावर होते आणि ताटात मऊभात येतो. अशा दिवसांत मी हमखास जॉन बुकनची ‘द थर्टी-नाईन स्टेप्स’ काढतो. एका पोटदुख्यानं दुसऱ्या पोटदुख्याला दिलेली ती सोबत आहे.

1914 च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, त्याच महिन्यात बुकनला 39 वर्षं पूर्ण झाली. दोस्त गणवेश चढवून निघाले आणि हा लहान आतड्याचा अल्सर घेऊन केंटच्या किनाऱ्यावर, ब्रॉडस्टेअर्स गावी, पथ्यावर पडलेला. तिथं समुद्राकडे उतरणारा एक जिना होता. मुलगी नुकती आकडे शिकलेली, ती त्या पायऱ्या मोजायची, असं घरचे सांगत. जिन्यानं कादंबरीला नाव दिलं. चढउतार मात्र बुकननं कागदावरच केली.

आणि केवढी! नायक रिचर्ड हॅने हा रोडेशियातून आलेला खाणकामाचा इंजिनियर. लंडनला इतका विटलेला की फ्लॅटमध्ये प्रेत सापडतं तेव्हा वाचकालाच हायसं वाटतं. दूधवाल्याच्या कपड्यांत निसटून तो स्कॉटलंडच्या माळरानावर धावत सुटतो. मागे जर्मन हेर, त्यांच्या जोडीला आपलेच पोलीस. आसऱ्याला शिरतो ते घर नेमकं हेरांच्या म्होरक्याचं. कोंडतात ती खोली स्फोटकांची, आणि कोंडलेला गडी खाणवाला! आपला नायक झुंजार याच्या पदरात एवढे योगायोग टाकताना आमचे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरही एकदा खाकरले असते.

मला मात्र खरं वाटतं ते एका धनगराच्या झोपडीतलं संध्याकाळचं जेवण. घरधनीण हॅनेपुढे हॅम, अंडी, स्कोन आणि दूध मांडते. पथ्यावरच्या लेखकानं ते वाक्य कसं लिहिलं असेल, हे मऊभात चिवडताना नीट कळतं.

देशभक्ती म्हणाल तर तिचा गजर नाही. हॅनेचं एकुलतं एक जाहीर भाषण, तेही थाप! निवडणुकीच्या सभेत ऑस्ट्रेलियन म्हणून उभा राहून तो वेळ मारून नेतो. बाकी सगळा देश त्याच्या पायांत आहे. म्हणूनच 1915 मध्ये ही गोष्ट खंदकांत पोचली, तेव्हा चिखलात, पावसात, तोफांखाली ती फार आवडल्याचं आघाडीवरून बुकनला कळवण्यात आलं. तिथल्या लोकांना भाषणं पुरेशी झालेली असणार.

बुकन पुढे सरकारी प्रचारखात्याचा प्रमुख झाला, कॅनडाचा गव्हर्नर जनरलही झाला. पोटानं मात्र त्याला कधी पुरतं सोडलं नाही.

अंथरुणावर लिहिलेली ही पळापळ त्यानं प्रकाशक मित्र टॉमी नेल्सनला अर्पण केली आहे. नेल्सन आघाडीवर गेला होता. एप्रिल 1917 मध्ये तो आरासला मारला गेला.